बॉनेट दोन बोटें वर

इंग्लंडांत ॲबिंग्डन गांवाजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याला जुन्या मोटारीचें वेड आहे. त्यानें १९६७ सालची एम्. जी. बी. विकत घेतली, तिचें मूळचें १७९८ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें एंजिन काढलें आणि एका जुन्या रोव्हर गाडीचें आठ सिलिंडरांचें एंजिन तेथें बसविलें. एंजिन सुरूहि झालें. मात्र बॉनेट मिटेना. "मामा, दोन बोटें वर राहतें. येथील कारागीर म्हणतो, पत्रा कापून वर उंचवटा करून देतों. काय करूं? तोंवर नुसत्या दुसऱ्या आंकड्यावर अडकवून गाडी हळूहळू फिरवीन," असें त्यानें कळविलें.

यांतील शेवटच्या वाक्याला मीं प्रथम उत्तर दिलें: फिरवूं नकोस. या गाडीचें बॉनेट काचेकडच्या बाजूस बिजागऱ्यांवर असतें व पुढून उघडतें. पुढची कडी पुरती न बसतां वेग घेतला, तर वारा खालून शिरून तें उचलूं पाहतो. आणि दुसरा आंकडा सुटला, तर सबंध पत्रा काचेवर येऊन आदळतो. चालकाला त्या क्षणीं रस्ता दिसेनासा होतो. बाकी सर्व चुका सुधारतां येतात, ही सुधारण्यास माणूस शिल्लक राहीलच असें नाहीं.

आतां पत्रा कापण्याविषयीं. गंमत अशी कीं, हाच पेंच या गाडीच्या कर्त्यांनाहि पडला होता, आणि तो त्यांनीं दोन वेळां दोन तऱ्हांनीं सोडविला. १९६७ सालीं त्यांनीं याच सांगाड्यांत २९१२ घनसेंटिमीटरचें सहा सिलिंडरांचें एंजिन घालून एम्. जी. सी. काढली. तें एंजिन उंच व लांब. म्हणून बॉनेटला मोठा फुगवटा द्यावा लागला, आणि कार्बोरेटरसाठीं त्या फुगवट्यावर आणखी एक थेंबासारखें टेंगूळ! शिवाय नाकावर वजन वाढलें तें निराळेंच. ती गाडी १९६९ सालीं बंद झाली. पुढें १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो या शर्यतपटूनें रोव्हरचें एंजिन याच गाडींत बसवून विकण्यास आरंभ केला. हें एंजिन मूळ अमेरिकेंतील ब्यूइकचें, ॲल्युमिनियमचें, त्यामुळें आठ सिलिंडर असूनहि फारसें जड नव्हे. पण कार्बोरेटर वर उभे राहत, म्हणून त्यानेंहि बॉनेटवर उंचवटा काढला. १९७३ सालीं कारखान्यानें स्वतः तेंच एंजिन घेतलें, तेव्हां मात्र बॉनेटला हात लावला नाहीं. निराळा मॅनिफोल्ड करून दोन्ही कार्बोरेटर मागें भिंतीकडे नेले, आणि साधें बॉनेट जसेंच्या तसें मिटलें. १९७६ पर्यंत अशा २५९१ गाड्या निघाल्या. एंजिन तेंच, सांगाडा तोच; फरक एवढाच कीं अडतें काय, हें एकानें वरून पाहिलें आणि दुसऱ्यानें आंतून.

म्हणून मीं भाच्याला लिहिलें कीं, करवत उचलण्यापूर्वीं माप घे. हवा गाळणारा डबा काढून ठेव. मुलांच्या खेळांतील मेणमातीचे उंच गोळे कार्बोरेटरच्या व एंजिनाच्या उंच जागीं ठेव आणि बॉनेट टेकेपर्यंत अलगद खालीं आण. (आपल्याकडील कणीक चालणार नाहीं; ती दाबली कीं पुन्हा फुगते.) कोठें गोळा चेपून नाहींसा झाला व कोठें उरला, हें पाहिलें म्हणजे निम्मा वाद मिटतो. माती नुसती न चिरडतां पाऊण ते एक इंच जाड उरली पाहिजे. कारण एंजिन रबरी बैठकांवर असतें आणि जोर लावतांच कुशीवर डोलतें. उभ्या गाडींत जेमतेम सुटणारें बॉनेट चढावर ठोकर खाणारच.

त्यानंतर खालीं वाकून पाहावें. बैठका जरुरीपेक्षां उंच आहेत काय? एंजिन अर्धा इंच उतरवितां येईल काय? येथें लोभ उपयोगाचा नाहीं. वर मिळविलेला अर्धा इंच खालीं कोणाचा तरी जातो: तेलाचें चेंबर आडव्या तुळईला घासतें किंवा स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला चिकटतो. केवळ पुढची बाजू उतरविली तर एंजिनाचा कल बदलतो, कार्बोरेटर तिरका होतो आणि मागच्या शाफ्टचे सांधे विषम कोनांत फिरून गाडी थरथरूं लागते. मर्सिडीज कंपनीनें १९५२ सालीं शर्यतीच्या ३०० एस्. एल्. साठीं उंच एंजिन सरळ कुशीवर कलतें केलें होतें. पण ती युक्ति घरच्या गॅरेजांत करण्याजोगी नव्हे.

बिजागऱ्यांखालीं वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याचा सल्लाहि त्याला कोणी दिला होता. तो मला मुळींच पसंत नाहीं. या गाडींत हीटरची हवा काचेच्या अगदीं पुढून आंत जाते. तेथें फट ठेवली कीं गाडी उभी असतां एंजिनाची तेलकट ऊब बैठकीच्या जागेंत येते. बॉनेटच्या आंतील बाजूची एखादी पट्टी किंचित् छाटून तिला शेजारीं आधार देणें, एवढें मी क्षम्य मानतों. बाहेरचा पत्रा अगदीं शेवटीं. त्यांतून या सालचें बॉनेट ॲल्युमिनियमचें. तें कापणें सोपें, सफाईनें सांधणें अवघड, आणि एकदां कापलें कीं पूर्ववत् होणें नाहीं.

भाच्यानें मापें पाठविलीं. त्याच्या बैठका खरोखरच उंच निघाल्या. त्या बदलून अर्धा इंच सुटला. उरलेला सर्व अडथळा एंजिनावर उभ्या असलेल्या कार्बोरेटरांचाच होता. त्यानें कारखान्याच्या धर्तीचा मॅनिफोल्ड मिळविला व ते मागें नेले. त्यापायीं दोन महिने गेले, पैसेहि गेले, आणि कारागीर रुसला. गेल्या आठवड्यांत बॉनेट मिटलें; मेणमाती सात अष्टमांश इंच उरली. कडी बसल्याचा आवाज त्यानें मला दूरध्वनीवरून दोन वेळां ऐकविला. सूनबाईंचें म्हणणें मात्र असें कीं, एवढा खटाटोप करून बाहेरून तर कांहींच दिसत नाहीं.