केवळ वनस्पतिजन्य म्हणून शाश्वत?

वनस्पतीपासून केलेली वस्तू पर्यावरणाला अनुकूलच असते, हे मत आज इतके रूढ झाले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. याच्या अगदी उलट मतही तितक्याच ठामपणे मांडले जाते: हिरडा, बांबू, धायटीची फुले ही हौसेच्या कारागिरीची सामग्री आहे, रोजच्या वापराच्या वस्तू तिच्यावर उभ्या राहणार नाहीत. माळव्यातील धार आणि देवास या जुन्या पवार संस्थानांच्या जिल्ह्यांत दोन्ही मते तपासून पाहता येतात. मध्य प्रदेशाच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत धारच्या वाट्याला बाघ ही कापडावरची ठशांची छपाई आली आहे, देवासच्या वाट्याला बांबू.

पहिले मत वस्तूचा उगम सांगते. तिची घडण आणि तिचा शेवट यांविषयी ते काहीच सांगत नाही. बांबूचे बेट तोडल्यावर पुन्हा फुटते, हे खरे. पण त्याच बांबूच्या पट्ट्या काढून फळी करताना बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेने त्या चिकटवतात, आणि अशी फळी मातीत मिसळत नाही. बांबूचा भुगा मेलामाइनमध्ये घालून केलेले पेले ‘नैसर्गिक’ म्हणून विकले गेले. अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या अशा भांड्यांविरुद्ध युरोपीय संघाने 2021 मध्ये मोहीम उघडली. रसायनांनी विरघळवून काढलेल्या रेयॉनला ‘बांबूचे कापड’ म्हणणाऱ्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2009 मध्ये कारवाई केली. मक्याच्या पिष्टापासून होणारे पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लास्टिक वेगाने कुजण्यासाठी सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमान टिकवून ठेवणारे कारखानी खत-केंद्र लागते. गावाबाहेरच्या उकिरड्यावर ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

बाघ छपाईलाही या कसोटीतून सूट देता येत नाही. धार जिल्ह्यातील बाघ गावी, बाघिनी नदीच्या काठी, सिंधमधून आलेल्या खत्री कुटुंबांनी हे काम वाढवले. त्याला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कापड आधी धुऊन एरंडेल, खारी माती आणि शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवतात, मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. काळ्या रंगासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ, तांबड्यासाठी तुरटी. दोन्हींना दाटपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीने. सागवानी ठशांनी छापलेले कापड वाहत्या पाण्यात धुतात आणि तांब्याच्या भट्टीत अलिझरीन हे तांबडे रंगद्रव्य व धायटीची फुले घालून उकळतात. तांबडा रंग पूर्वी आल या झाडाच्या मुळांतून मिळे आणि आलाची लागवड माळव्यात होत असे. पण 1869 पासून अलिझरीन कोळशाच्या डांबरातून बनू लागले आणि आज बाघचा तांबडा रंग मुख्यतः कारखान्यातूनच येतो. धुण्याला पाणीही भरपूर लागते. तेव्हा या कापडाला सरसकट ‘वनस्पतिरंगाचे’ म्हणणे चुकीचे आहे.

मात्र एवढ्याने बाघ छपाईची किंमत कमी होत नाही. तिच्यातून घेण्यासारखी गोष्ट आहे ती रचनेची. हिरड्यातील टॅनिन लोहाशी संयोग पावून काळा रंग देते, तुरटी अलिझरीनला धाग्याशी बांधते. म्हणून रंग धुण्यात टिकतो आणि कापड वर्षानुवर्षे अंगावर राहते. टिकाऊपणा हाही शाश्वततेचाच भाग आहे, आणि वनस्पतीचा गुणगौरव करणारे नेमके तेच विसरतात. दुसऱ्या मतालाही इथेच उत्तर मिळते. या कापडाचे जुने गिऱ्हाईक भिल्ल, भिलाला आणि आसपासच्या गावांतले लोक होते. घागरा, लुगडे, ओढणी ही त्यांची नेहमीची वस्त्रे होती. दिवाणखान्यातील शोभेशी त्यांचा काही संबंध नव्हता.

बांबूवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे त्याला कीड लागते. आक्षेप खरा आहे, पण तो दोष बहुतांशी तोडणीचा आहे. भुंगा येतो तो कांड्यातील पिष्टासाठी. तीन-चार वर्षांचा पक्व बांबू हिवाळ्यात तोडून बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवला, तर छताखाली तो अनेक वर्षे टिकतो. पावसात मात्र ही द्रव्ये वाहून जातात, म्हणून अंगणातल्या बाकापेक्षा घरातली खुर्ची, मांडणी, दिव्याची छत्री यांसाठी तो योग्य. देवासच्या दक्षिण भागात, बागली-कन्नोदकडे, डोंगरउतारावर वाढणारा मानवेल जाड भिंतीचा, बराचसा भरीव असतो. खुंटीने सांधलेल्या आणि कामट्या विणून केलेल्या वस्तूत त्याला राळ लागत नाही, आणि मोडलेला एकच भाग बदलता येतो.

बांबूचा पुरवठा अपुरा असल्याचा आक्षेप आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. 1927 च्या वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू 2017 मध्ये वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडण्या-विकण्यातली जुनी अडचण दूर झाली. 2006 च्या वनाधिकार कायद्याने त्याला आधीच गौण वनोपज ठरवले होते. महाग असल्याची तक्रारही अर्धवट आहे. प्लास्टिक स्वस्त दिसते, कारण ते गोळा करण्याचा आणि पुरण्याचा खर्च नगरपालिकेच्या माथी पडतो.

बदल हवा तो वस्तूवरच्या मजकुरात. ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर विक्री होऊ देऊ नये. देवासच्या बांबूच्या वस्तूवर चिकटद्रव्याचे नाव आणि बाघच्या कापडावर तांबड्या रंगाचा उगम छापणे ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतच सक्तीचे करावे, आणि ग्राहकांनीही तो मजकूर वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.