वकिलापुढील हिशेब

आनंदाप्रीत्यर्थ निघणाऱ्या या स्मरणिकेत घटस्फोटाचा विषय काढणे कित्येक सभासद बंधुभगिनींस रुचणार नाही. परंतु घरोघरी जे घडू लागले आहे ते झाकून ठेवल्याने थांबत नाही, म्हणून आम्ही हे लिहावयास धजलो.

कायदा आपल्या भागास नवा नाही. धारवाड जिल्हा मुंबई प्रांतात असताना १९४७ मध्येच तेथे हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला व त्याच्या दुसऱ्याच कलमात जैनांचा स्पष्ट उल्लेख झाला. तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने, जैनांस २०१४ मध्ये अल्पसंख्य दर्जा मिळाला या कारणास्तव, एका जैन दांपत्याचा परस्परसंमतीचा अर्ज फेटाळला. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, हे योग्यच झाले. या प्रकरणाची चर्चा आपल्यात पुष्कळ झाली. आम्हांस मात्र वाटते की, कोणता कायदा लागू, यापेक्षा वकिलापुढे आपण काय बोलतो, हा प्रश्न मोठा आहे.

जाणता वकील आधी अर्ज लिहीत नाही, प्रश्न विचारतो. लग्नात कोणी काय दिले? दागिने कोठे आहेत? मुलगा दुकानातून किती उचलतो? येथे आपली जीभ अडखळते. एका आप्तासोबत आम्ही गेलो असता त्यांनी सांगितले, "दुकान एकत्र कुटुंबाचे, मुलाच्या नावे काहीच नाही." आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. वृद्ध वकिलांनी चष्मा काढून कन्नडमध्ये विचारले, "सावकार, सोयरीक जुळविताना हे दुकान कोणाचे म्हणून सांगितले होते?"

आम्हांस उत्तर सुचले नाही.

अमरगोळच्या बाजारात पोत्यातील नमुना पाहिल्यावाचून आम्ही भाव बोलत नाही, आणि वकिलास मात्र वरवरचे दाणे दाखवितो! २०२० पासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मिळकत व देणे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. स्त्रीधन स्त्रीचेच, हेही त्याच न्यायालयाने १९८५ मध्ये निःसंदिग्ध सांगितले. सुनेचे दागिने अडकवून ठेवणे यास आपल्या शास्त्रात अदत्तादान म्हणतात. ते कोर्टाच्या भीतीनेच सोडावे काय? मुलीकडील मंडळीही कधीकधी यादी फुगवितात, हे खरे. पण त्यावर उपाय खऱ्या पावत्यांचा आहे. तारखांवर तारखा पाडून मुलीस थकवून दाखवितो, असे आश्वासन देणारा वकील स्वस्त वाटला तरी त्याची पायरी चढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या आप्तांकडे दुसऱ्या दिवशी यादी झाली. सोने काट्यावर चढले व तोळ्यातोळ्याने परत गेले. पोटगीची रक्कम ठरली, आणि परस्परसंमतीने हुकूमनामा झाला. मुलीच्या वडिलांशी आमचा तुरीचा व्यवहार अद्याप चालू आहे.