आडून विचारलेला प्रश्न

‘मानसिक आजार’ हे शब्द उच्चारताच आपल्या वऱ्हाडातला माणूस मिटतो. घरात सोयरिकीचे बोलणे चालू असेल, तर सारे कुटुंबच मिटते. गोव्यातील ‘मानस’ प्रकल्पात समुपदेशकांनी हे ओळखले होते. रोगाचे नाव न घेता ते ‘टेन्शन’विषयी बोलत. आपल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबविला गेला. तेथेही डॉक्टरांच्या आधी गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते लोकांशी बोलले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

हे प्रशिक्षित लोकांचे काम, हे खरे. परंतु खचलेला शेतकरी त्यांच्या आधी पुष्कळदा आपल्या अडतीवर किंवा कृषी केंद्रात येऊन बसतो. ‘तुम्ही खचला आहात का?’ असे त्याला विचारले, तर ‘नाही’ हेच उत्तर मिळेल. ‘झोप लागते का? जेवण जाते का?’ हे प्रश्न शरीराचे आहेत. त्यांच्या उत्तरात कमीपणा नाही. ‘यंदा पुष्कळांची झोप उडाली आहे’ एवढेच म्हटले, तरी त्याला इतरांच्या आडून स्वतःविषयी बोलता येते. मग आपण थांबावे. व्यापाऱ्याला हे थांबणे कठीण जाते, आणि बँकवाल्यालाही!

एक अडचण मात्र खास आपली आहे. विचारणारा धनको असेल, तर झोपेची चौकशीही वसुलीची प्रस्तावना वाटते. वसुलीला खेडोपाडी फिरताना हा संशय मी कित्येकांच्या डोळ्यांत पाहिला आहे. म्हणून खातेवही मिटून ठेवावी, आणि ‘आज हिशेबाचे बोलायचे नाही’ असे आधीच सांगावे. हे वाक्य मात्र सरळच हवे.

दुसरी सरळ गोष्ट याहून गंभीर आहे. ‘आता माझे काय राहिले’, ‘पोरांकडे लक्ष ठेवा’ अशी भाषा कानी आली, तर आडवळण तेथेच सोडावे. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची असल्याचे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नये. घरच्यांना बोलवावे, आणि तेथूनच ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्यावा. तेथे मराठीत बोलता येते.