पडद्यापलीकडचा धर्मशिक्षक

यवतमाळ येथे १९५३ साली स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मोपदेशक घडविणारी संस्था सुमारे तीस वर्षे ह्या जिल्ह्यात नांदली आणि १९८३ मध्ये पुण्यास, बिबवेवाडी येथे गेली. संस्था अखिल भारतीय स्वरूपाची होती. तिने कोठे राहावे हा तिचा प्रश्न होता, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या व धर्मशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास करू इच्छिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने, चाळीस किलोमीटरवर असलेला गुरू शेकडो किलोमीटर दूर गेला, एवढे मात्र खरे. आज तोच गुरू भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घरी येऊ शकतो. तो आल्यावर त्याने नेमके काय करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे एक टक्का आहे, आणि आपल्या भागात ती विखुरलेली आहे. रविवारच्या शाळेत मुलांना शिकविणारे बहुधा स्वयंसेवकच असतात. कोणी शाळेत शिक्षक असतो, कोणी कारकून, कोणी रुग्णालयातील परिचारिका. नोकरी व संसार सोडून तीन वर्षे वसतिगृहात राहणे अशांना शक्य नसते. स्त्रियांना तर विशेषच नसते. तेव्हा ऑनलाइन शिक्षण ही त्यांच्या बाबतीत चैन नव्हे. पुष्कळांना शिकण्याची तीच एक वाट उपलब्ध आहे.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. श्रद्धा ही सहवासातून येते. ती यंत्रातून कशी येणार? आक्षेप वजनदार आहे. परंतु ख्रिस्ती परंपरेनेच त्याचे अर्धे उत्तर दिले आहे. नव्या करारातील मोठा भाग पत्रांचा आहे. पौलाने दूरच्या मंडळ्यांना शिकविले ते पत्रे लिहून. मात्र ही पत्रे टपालाच्या पेटीतून जात नसत. ती माणसे नेत. रोमच्या मंडळीस लिहिलेले पत्र फिबी नावाच्या स्त्रीने नेले, असे अभ्यासक मानतात. योहानाच्या दोन छोट्या पत्रांचा लेखक तर शेवटी स्पष्टच कळवतो की, शाईने लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटून बोलणे त्याला अधिक पसंत आहे. म्हणजे दुरून शिकविणे ह्या परंपरेला वर्ज्य नाही. भेटीची ओढ नसलेले शिकविणे मात्र तिला अपुरे वाटते.

अलीकडच्या काळातही हा प्रयोग झालेला आहे. १९६३ मध्ये ग्वातेमालातील एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विद्यार्थ्यांना आपल्याकडे बोलावण्याऐवजी शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या गावी पाठविण्यास प्रारंभ केला. भारतात १९७१ मध्ये ‘टाफ्टी’ ही संस्था ह्याच तत्त्वावर उभी राहिली. ह्या पद्धतीचे घटक तीन: घरी करावयाचा स्वाध्याय, मंडळीतील प्रत्यक्ष काम आणि ठरावीक काळाने होणारी गटचर्चा. आपल्याकडे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही पुस्तकाच्या जोडीला अभ्यासकेंद्र व समंत्रक ह्यांची व्यवस्था केली. नुसती पुस्तके धाडून शिक्षण होत नाही, हे दोन्ही ठिकाणी ओळखलेले दिसते.

आता प्रश्न अर्थशास्त्राचा. व्याख्यान एकदा ध्वनिचित्रमुद्रित केले की ते वीस जणांनी ऐकले काय किंवा दोन हजारांनी ऐकले काय, खर्चात जवळजवळ फरक पडत नाही. व्यवस्थापकांना ह्याच गोष्टीचा मोह पडतो. परंतु दोन हजार विद्यार्थ्यांनी एकेक उत्तर लिहून पाठविले आणि प्रत्येक उत्तर वाचून त्यावर शेरा देण्यास पंधरा मिनिटे लागली, तर पाचशे तास लागतात. दररोज सहा तास बसणाऱ्या शिक्षकाचे ते त्र्याऐंशी दिवसांहून अधिक काम झाले. व्याख्यान स्वस्त झाले, पण लक्ष देणे स्वस्त झालेले नाही. आणि धर्मशिक्षणात विद्यार्थ्याला हवे असते ते लक्षच. निर्दोष माणसाला दुःख का भोगावे लागते, हे जो विचारतो त्याच्या घरी कदाचित नुकताच मृत्यू घडलेला असतो. अशा प्रश्नाला ध्वनिमुद्रित उत्तर नसते.

२०२० साली टाळेबंदीच्या काळात प्रस्तुत लेखकानेही पडद्यासमोर बसून अर्थशास्त्र शिकविले. चौकोनांत नावे दिसत, चेहरे दिसत नसत. एका विद्यार्थ्याने कित्येक आठवडे शब्दही उच्चारला नाही. पुढे दूरध्वनीवर चौकशी केली तेव्हा कळले की, घरात एकच फोन असून तो वडील कामाला नेतात. पाठ चुकला नव्हता. माणूस चुकला होता. मागणी-पुरवठ्याच्या पाठात ही चूक निभावून जाते, धर्मशिक्षणात ती निभावत नाही.

भाषेचाही विचार हवा. फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ते मराठी ओवीत. शिकणाऱ्याच्या कानाला जे परिचित होते, तेच त्यांनी शिक्षणाचे साधन केले. आजच्या दूरस्थ शिक्षकाने इंग्रजी पाठाचे ओबडधोबड भाषांतर वाचून दाखविणे म्हणजे चारशे वर्षे मागे जाण्यासारखेही नाही. ते त्याहून मागे जाणे होय.

तेव्हा सूचना साध्या आहेत. एका शिक्षकाकडे वीस-पंचवीसांपेक्षा अधिक विद्यार्थी देऊ नयेत. प्रत्येक उत्तरास आठवड्याच्या आत व्यक्तिशः प्रतिसाद मिळावा. गावातील एखादा जाणता सभासद सहशिक्षक म्हणून नेमावा. आजच्या काळातील फिबी तोच किंवा तीच. वर्षातून एकदा तरी शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या गावी यावे. आणि त्याचे मानधन श्रोत्यांच्या संख्येवर न ठरवता, त्याने वाचलेल्या उत्तरांवर व दिलेल्या वेळेवर ठरवावे. ह्याला पैसा लागेल हे खरे. पण वसतिगृह आणि इमारत ह्यांचा वाचलेला खर्च जर शिक्षकाच्या वेळेवर करावयाचा नसेल, तर ती काटकसर विद्यार्थ्याच्या जिवावर केलेली ठरते.

यंत्राने अंतर कमी केले आहे. जवळीक निर्माण करण्याचे काम मात्र पूर्वी शिक्षकाचे होते, आणि आजही ते त्याचेच आहे.