रिकाम्या स्टँडची साक्ष

ॲनफील्ड या घरच्या मैदानावर लिव्हरपूलचा संघ एप्रिल २०१७पासून लीगच्या ६८ सामन्यांत हरला नव्हता. २१ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीने तिथे १-० असा विजय मिळवला आणि मग घसरगुंडीच सुरू झाली. ७ मार्चपर्यंत घरी लागोपाठ सहा पराभव! क्लबच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. दुखापतींनी बचावफळी खिळखिळी झाली होती, हे खरे. पण तोच संघ त्याच जानेवारीत टॉटनहॅम आणि वेस्ट हॅमच्या मैदानांवर जाऊन ३-१ असा जिंकून आला. मग घरीच काय कमी पडले? कोविडमुळे स्टेडियम बंद होते. ‘कॉप’ स्टँडमधल्या खुर्च्यांवर झेंडे पसरलेले होते, ते फडकवायला कोणी नव्हते. चेंडूवर बसलेली लाथ आणि प्रशिक्षकांच्या हाका तेवढ्या स्पष्ट ऐकू येत.

ही एकट्या लिव्हरपूलची गत नव्हती. त्या हंगामात प्रीमियर लीगच्या ३८० सामन्यांपैकी यजमानांनी १४४ जिंकले, पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत पाहुणे वरचढ ठरल्याचा हा पहिलाच हंगाम. गवत ओळखीचे होते, ड्रेसिंग रूम तीच होती. माणसे तेवढी नव्हती.

प्रेक्षकांच्या गजराने खेळाडूंना हुरूप येतो, तसाच तो रेफरीच्या कानातही शिरतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० रेफरींना लिव्हरपूलच्याच एका घरच्या सामन्याची चित्रफीत दाखवली गेली. काहींना आवाजासह, काहींना आवाज बंद करून. गलका ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. यात कोणाची लबाडी नाही. हजारो माणसे एकदम ओरडली की शिट्टीकडे जाणारा हात क्षणभर थबकतो, आणि एवढ्या क्षणात सामना फिरू शकतो.

प्रेक्षक निघून गेले की काय होते, याची चुणूक ॲनफील्डने आधीच पाहिली होती. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी, पुढच्या हंगामासाठी जाहीर झालेल्या ७७ पौंडांच्या तिकिटाचा निषेध म्हणून सुमारे दहा हजार प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून गेले. लिव्हरपूल तेव्हा संडरलंडविरुद्ध २-० असा पुढे होता. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून तो दर मागे घेतला.

टीव्हीच्या हक्कांतून पैसा येत असल्याने स्टँडमधला माणूस ‘तिकीटविक्री’च्या रकान्यात ढकलला गेला आहे. रिकाम्या मैदानांनी त्याची खरी जागा दाखवून दिली: तो संघातच आहे. बापाचे बोट धरून ‘कॉप’मध्ये येणाऱ्या पोराला परवडेल असे तिकीट ठेवणे, हे क्लबाचे उपकार नव्हेत. त्या पोराला दाराबाहेर ठेवणारा क्लब आपल्याच घरात पाहुणा होतो.