पटावरून उठलेल्या लेकराला आधी पाणी द्या

मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासिकेची पाच मुले घेऊन आम्ही नऊ वर्षांखालील गटाच्या बुद्धिबळ स्पर्धेला गेलो होतो. प्रत्येकाला 25 मिनिटांचे घड्याळ. पालकांनी दाराबाहेर थांबायचे, म्हणून आम्ही खिडकीच्या जाळीतून पाहत होतो. आमच्या एका मुलीचा डाव चांगला चालला होता. पण उंट उचलायला गेलेला हात वजिराला लागला. समोरच्या मुलाने लगेच पंचांना बोलावले. खेळण्याच्या हेतूने हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, आणि पंचांनी तसेच धरले. वजीर हलला, राजाची राखण सुटली आणि चार चालींत मात.

ती रडतच बाहेर आली. आई त्या दिवसाचा रोज बुडवून आलेली. "300 रुपये भरले ते यासाठी का गं?" तिच्या तोंडून निघून गेले. त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. 300 रुपये काय असतात ते आम्हालाही ठाऊक आहे. पण पोर काही न खाता, लघवीलाही न जाता पुढच्या फेरीला बसली आणि तीही हरली.

या स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीच्या असतात. त्यात हरलेला बाद होत नाही, पुढच्या फेरीत सारख्या गुणांच्या मुलाशी खेळतो. म्हणजे दिवस बाकी असतो. तो सावरायचा की बिघडवायचा, हे दोन फेऱ्यांमधल्या थोड्या वेळात ठरते, आणि तो वेळ आपल्या हातात असतो. चुका घरी गेल्यावर पाहाव्यात.

बसून खेळायचा खेळ, त्यात शरीराला कसला ताण, असे आपण म्हणतो. पण छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंड कोरडे पडते. पाणी द्या. पोळी-भाजी, केळे, शेंगदाणे सोबत न्या. तिथला वडापाव आणि रंगीत सरबत टाळलेले बरे. घड्याळाच्या भीतीने मुले लघवी धरून बसतात. आपली चाल असतानाही पंचांना विचारून जाता येते, हे घरीच सांगून ठेवा.

आणि रडू द्या. 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकल्यावर नागपूरची दिव्या देशमुख आईच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा ती 19 वर्षांची होती. आपली तर आठ वर्षांची आहे.

पुढच्या स्पर्धेला डबे अभ्यासिकेतूनच न्यायचे ठरले आहे. पोळ्या त्याच आईने करायचे कबूल केले आहे.