नाकारलेला गोन्सालो

एका नकाराने स्वतःला संपलेलं समजणारी तरुण मुलं भेटली, की मला आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया आठवतो. १५५७च्या सुमारास इथेच जन्मलेला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, वर्षानुवर्षं धर्मशिक्षण देत राबला. पण ज्या संघासाठी जीव टाकला, त्यात त्याला घेतलं नाही. किती तुटला असेल तो! मग व्यापार केला, पैसा मिळवला, तरी मनातली हाक विझली नाही. अखेर मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून जवळ केलं. माणसांनी दार लावलं, तरी देवाच्या प्रेमातली त्याची जागा कधी रिकामी झालीच नव्हती, असं मी मनापासून मानतो. तीच जपानी भाषा घेऊन तो दुभाषा म्हणून परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर गेला. १८६२मध्ये तो संत झाला. तुम्हालाही कुणी नाकारलं असेल, तर वसईतल्या गास गावात त्याच्या नावाचं देऊळ आहे. तिथे थोडा वेळ शांत बसून या.